आजचं औषध "पास" झालं नाही म्हणून आईचा बोन स्कॅन रद्द. नेमकं काय पास व्हायचं असतं?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. आम्ही सांगली जिल्ह्यातले. आईचं वय 67. तीन वर्षांपूर्वी तिचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, पुढचे उपचारही पूर्ण झाले. गेले दोन महिने कंबर धरते, म्हणून डॉक्टरांनी बोन स्कॅन सांगितला. पहाटे चारला गाडी करून निघालो आणि आठला पुण्यात पोचलो. साडेनऊला काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, "आजचं औषध पास झालं नाही, सगळे स्कॅन रद्द, गुरुवारी या." आमच्यासारखे आणखी सात-आठ जण होते. एक आजोबा तर बार्शीहून आले होते.

भांडण करायला हा धागा काढलेला नाही. पण चार तास परत येताना आई एकच विचारत होती, "औषध आधीच करून फ्रिजमध्ये का ठेवत नाहीत रे?" मला उत्तर देता आलं नाही. इथे या क्षेत्रातलं कुणी असेल तर समजावून सांगा. हे औषध बनतं कुठे, ते पास कोण करतं आणि नापास कशामुळे होतं?

हॉटलॅब | मंगळवार, रात्री 10:55

मी गेली 14 वर्षं एका न्यूक्लिअर मेडिसिन विभागात रेडिओफार्मसी, म्हणजे किरणोत्सारी औषधं बनवायची प्रयोगशाळा, सांभाळते. तुम्ही गेलात ते हॉस्पिटल माझं नाही, त्यामुळे तिथे आज काय झालं ते मी सांगू शकत नाही. पण असे "आज नाही"चे दिवस मीही पाहिले आहेत.

आधी कामाचं. बोन स्कॅनला उपाशी राहावं लागत नाही. गुरुवारी आईंना नाश्ता करून न्या. इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्यायला द्या आणि स्कॅनच्या आधी लघवीला पाठवा, म्हणजे कमरेखालचा भाग स्पष्ट दिसेल.

आता फ्रिजचं. या इंजेक्शनात टेक्नेशियम-99एम नावाचा किरणोत्सारी अणू असतो. त्याचं अर्धायुष्य 6 तास. सकाळी 8 ला 100 भाग असले तर दुपारी 2 ला 50, रात्री 8 ला 25 आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला जेमतेम सहा. बर्फात ठेवा की उन्हात, अणूच्या गाभ्याला थंडी-उष्णता समजत नाही. म्हणून हे औषध साठवता येत नाही, त्याची आई साठवता येते. आम्ही खरंच तसंच म्हणतो. मॉलिब्डेनम-99, आमची "मॉली", ही आई, तिचं अर्धायुष्य 66 तास. ती विघटित होते तसतशी तिच्यातून टेक्नेशियम-99एम जन्माला येत राहते.

ही आई आमच्याकडे शिशाच्या जाड डब्यात येते, त्याला जनरेटर म्हणतात. आत बोटाएवढी काचेची नळी असते आणि तिच्यात अल्युमिनाची पांढरी पूड. मॉली त्या पुडीला मॉलिब्डेटच्या रूपात घट्ट धरून बसते, कारण त्या आयनावर दोन ऋणभार असतात. तिच्यापासून झालेलं टेक्नेशियम परटेक्नेटेट होतं. त्याच्यावर एकच ऋणभार, त्यामुळे पकड सैल. वरून साधं 0.9 टक्के सलाइन सोडलं की ते सुटून खाली येतं आणि मॉली जागेवर राहते. एका बाजूला सलाइनची कुपी लावायची, दुसऱ्या बाजूला निर्वात कुपी. निर्वात कुपी स्वतःच ओढून घेते. जगभरच्या हॉट लॅबमध्ये (आमच्यासारख्या प्रयोगशाळांत) या डब्याला गाय म्हणतात आणि या कामाला दूध काढणं. आमच्याकडेही सकाळी पहिला प्रश्न "मिल्किंग झालं का?" हाच असतो. एकदा दूध काढलं की पुन्हा भरायला लागतं. सहा तासांनी निम्म्याहून अधिक भरतं आणि साधारण 23 तासांनी शिखर गाठतं. दिवसाला एक धार हे गणित निसर्गानेच जुळवून दिलंय. पण गाय स्वतःही आटते. एका आठवड्यात तिची ताकद सहाव्या हिश्श्यावर येते, म्हणून दर आठवड्याला नवी मागवावी लागते.

"पास" होण्याबद्दल उद्या सविस्तर लिहिते, पहाटे पाचला उठायचंय.

शंकेखोर | मंगळवार, रात्री 11:20

माहिती चांगली आहे, पण मूळ मुद्दा राहतोच. पेशंट चार तास प्रवास करून आला. औषध नापास होऊ शकतं हे माहीत असताना आदल्या दिवशी तपासायला काय हरकत होती? मला हा नियोजनातला निष्काळजीपणा वाटतो.

हॉटलॅब | बुधवार, संध्याकाळी 7:10

शंकेखोर, आदल्या दिवशी तपासायला ते औषध तेव्हा जन्मलेलंच नसतं, हीच अडचण आहे. मिल्किंग पहाटे होतं, तपासणी त्यानंतर, आणि सांगलीची गाडी त्याआधीच निघालेली असते. पण फोनवर कळवण्याची व्यवस्था असायला हवी होती, हे मला शंभर टक्के मान्य. आम्ही लांबून येणाऱ्यांना मुद्दाम अकराची वेळ देतो.

आता तपासणी. पहिली मॉलीची. अल्युमिनाची पकड कुठे ढिली झाली, स्तंभाला (त्या काचेच्या नळीला) बारीक चीर गेली किंवा वाहतुकीत डबा आदळला, तर सलाइनबरोबर थोडी मॉलीही खाली उतरते. हे डोळ्यांना दिसत नाही, दोन्ही वेळी द्रव पाण्यासारखाच. ओळखायचं ते किरणांवरून. टेक्नेशियमचा गॅमा किरण 140 किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, मवाळ. मॉलीचा 740 च्या आसपास, दांडगा. कुपी शिशाच्या भांड्यात ठेवून मोजली की मवाळ किरण शिशातच अडकतात आणि दांडगे बाहेर येतात. जे बाहेर आलं ते मॉलीचं. मर्यादा अशी की दर एक मिलीक्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं माप) टेक्नेशियममागे 0.15 मायक्रोक्युरीपेक्षा (मायक्रो म्हणजे मिलीचा हजारावा भाग) जास्त मॉली नको, आणि तीही रुग्णाला टोचण्याच्या क्षणी.

हा "टोचण्याच्या क्षणी" महत्त्वाचा. टेक्नेशियम 6 तासांत निम्मं होतं, मॉली 66 तासांत. म्हणजे कुपी नुसती ठेवली तरी तासागणिक तिच्यातलं मॉलीचं प्रमाण वाढत जातं. पहाटे 7 ला 0.10 दाखवलं, पास झालं, आणि 11 वाजता तीच कुपी 0.15 च्या रेघेवर आली. सकाळी शुद्ध असलेलं औषध दुपारी अशुद्ध, आणि मधे कुणी हातही लावलेला नाही! मी शिकाऊ होते तेव्हा आमच्या सरांनी हे गणित फळ्यावर करून दाखवलं, त्या दिवसापासून मी कुपीवर वेळ लिहिल्याशिवाय ती खाली ठेवलेली नाही.

मॉली शरीरात गेली तर काय? ती बीटा किरणही सोडते. त्याने चित्राला काडीचा उपयोग नाही, रुग्णाला फक्त जादा मात्रा मिळते.

दुसरी तपासणी अल्युमिनियमची. स्तंभातली पूड विरघळून उतरली का ते रंग बदलणाऱ्या कागदावर एक थेंब टाकून बघतात. मर्यादा एका मिलिलिटरला 10 मायक्रोग्रॅम. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बोन स्कॅनला जे 20 मिलीक्युरी टेक्नेशियम देतात त्याचं वजन किती? सुमारे 4 नॅनोग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरमधला "चालेल इतका" अल्युमिनियमसुद्धा औषधातल्या टेक्नेशियमच्या अडीच हजार पट भरतो. इतक्या कमी पदार्थावर काम करायचं तर पाणी, काच, बूच, सगळंच संशयित. अल्युमिनियम जास्त झाला की हाडांत जायचं औषध गोळा होऊन यकृतात जाऊन बसतं.

आणि तिसरी, माझ्या मते बोन स्कॅनच्या रुग्णासाठी सगळ्यात महत्त्वाची. गायीचं दूध तसंच टोचत नाहीत. ते एमडीपी नावाच्या पुडीच्या कुपीत घालायचं. त्या पुडीत स्टॅनस क्लोराइड असतं, ते टेक्नेशियमला रासायनिकदृष्ट्या नमवतं आणि मग ते एमडीपीला चिकटून हाडांकडे जातं. कुपीत हवा शिरली तर स्टॅनस वाया जातं आणि काही टेक्नेशियम मोकळं राहतं. मोकळं टेक्नेशियम थायरॉइड, लाळग्रंथी आणि जठरात जातं. जठर कुठे असतं? कमरेच्या मणक्यांच्या वरच, समोर. ज्यांची कंबर दुखते म्हणून स्कॅन करायचा त्यांच्याच चित्रात तिथे ढग आला तर डॉक्टरांनी काय वाचायचं? म्हणून कागदाच्या दोन पट्ट्या घेतो, एक ॲसिटोनमध्ये, एक सलाइनमध्ये. ॲसिटोनच्या पट्टीवर मोकळं टेक्नेशियम वर चढतं. सलाइनच्या पट्टीवर गोळा झालेला भाग खालीच बसून राहतो. दोन्ही वजा केले की कामाचं किती ते कळतं. 95 टक्क्यांच्या खाली आलं तर मी ती कुपी शिशात ठेवते आणि नवी बनवते. ती बनवायला पुरेसं दूध उरलं असेल तर.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री 8:30

ताई, आईला वाचून दाखवलं. "गाय" ऐकून तिला पटकन समजलं, आमच्या घरी दोन आहेत. ती म्हणाली, नासलेलं दूध गिऱ्हाइकाला घातलं नाही म्हणजे गवळी चांगला आहे. पण ही मॉली येते कुठून? तुर्भ्याच्या अणुभट्टीतून का?

ट्रॉम्बेकर | बुधवार, रात्री 10:15

कृष्णाकाठ, तुमच्या मातोश्रींना नमस्कार. मी ट्रॉम्बेला, म्हणजे तुर्भ्यालाच, समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) रसायनात आयुष्य घालवले, आता निवृत्त आहे. उत्तर दोन भागांत द्यावे लागेल, कारण मॉली बनवण्याचे रस्ते दोन आहेत आणि आपल्या देशाने अवघड रस्ता बरीच वर्षे चालून दाखवला.

पहिला रस्ता बनवायला साधा, पण पुढे वापरायला अवघड. मॉलिब्डेनम ऑक्साइडची पूड अल्युमिनियमच्या डबीत बंद करून अणुभट्टीत ठेवायची. आमच्याकडे आधी सायरस होती, 1960 साली सुरू झालेली आणि 2010 च्या अखेरीस बंद केलेली. 1985 पासून ध्रुव आहे, 100 मेगावॅटची. नैसर्गिक मॉलिब्डेनममध्ये सुमारे 24 टक्के मॉलिब्डेनम-98 असते, ते एक न्यूट्रॉन गिळून 99 होते. कचरा जवळजवळ नाही, युरेनियमला हात लावायचा नाही. अडचण एकच, आणि ती मोठी. लाखो अणूंमागे एखादाच किरणोत्सारी होतो, बाकी सगळे साधे मॉलिब्डेनम. ही भेसळ रसायनाने काढता येत नाही, कारण दोन्ही एकच मूलद्रव्य. ताईंनी सांगितलेल्या त्या बोटाएवढ्या नळीतली पूड साध्या मॉलिब्डेनमनेच भरून जाते आणि कामाच्या मॉलीला जागा राहत नाही.

दुसरा रस्ता युरेनियमचा. युरेनियम-235 फुटला की शंभर तुकड्यांमागे नव्हे, शंभर विखंडनांमागे सहा वेळा मॉली-99 मिळते, आणि तिच्यात साध्या मॉलिब्डेनमची भेसळ पहिल्या रस्त्याच्या मानाने नगण्य असते. मात्र तिच्याबरोबर आयोडीन, टेल्युरियम, रुथेनियम, स्ट्राँशियम असे डझनावारी किरणोत्सारी सोबती येतात. शिशाच्या काचेमागे उभे राहून यांत्रिक हातांनी, एकेक धुणी करत, मॉली वेगळी काढायची, आणि हे सारे दोन-तीन दिवसांत, कारण ती वितळत्या बर्फासारखी हातातून चाललेली असते. नेदरलँड्समधले पेटन, बेल्जियममधले मोल, दक्षिण आफ्रिकेतले पेलिंडाबा, ऑस्ट्रेलियातले लुकास हाइट्स, अशा मोजक्या अणुभट्ट्यांवर जगाचा हा पुरवठा चालतो.

आता आपला रस्ता. आम्ही पहिल्या प्रकारची मॉली बनवली आणि अल्युमिनाचा स्तंभ बाजूला ठेवून द्रावक वापरला, मिथिल इथिल कीटोन. आम्ही सगळे त्याला एमईके म्हणत असू. मॉली कॉस्टिक सोड्यात विरघळवून हॉस्पिटलला पाठवायची. तिथे सकाळी तंत्रज्ञ तिच्यात एमईके घालून घुसळायचा आणि थांबायचा. तेल-पाण्यासारखे दोन थर होतात. हलके एमईके वर येते आणि टेक्नेशियम त्याच्यात चढते, मॉली खाली सोड्यात राहते. वरचा थर हलकेच काढायचा, थोड्या अल्युमिनातून गाळायचा, एमईके उडवून लावायचे आणि उरले ते सलाइनमध्ये घ्यायचे. वाचायला सोपे आहे. पण वरचा थर ओढताना सुई अर्धा सेंटिमीटर खाली गेली की मॉली वर आली. एमईके ज्वालाग्राही, ते नीट उडाले नाही तर औषधात उरते. सगळी मदार त्या सकाळच्या माणसाच्या हातावर.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरपासून, जे 1963 पासून आहे, ते लहान शहरांतल्या विभागांपर्यंत कितीतरी रुग्णांचे थायरॉइड, मूत्रपिंड, हाडे या घुसळणीवर दिसली. त्या तंत्रज्ञांची नावे कुठल्याही भिंतीवर नाहीत. मला त्यांचा मनापासून आदर आहे. पुढे ते हाताचे काम यंत्राकडे सोपवण्यासाठी स्वयंचलित घुसळणयंत्रही आपल्याकडे विकसित झाले, झिर्कोनियम मॉलिब्डेटच्या जेलचा जनरेटरही झाला. आज वाशीच्या ब्रिटकडून (किरणोत्सारी औषधे पुरवणाऱ्या सरकारी संस्थेकडून) अल्युमिना स्तंभाचे जनरेटरही जातात.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा जनरेटर जन्माला आला तोच एका अशुद्धीमुळे. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वॉल्टर टकर आणि मार्गारेट ग्रीन हे टेल्युरियम-132 पासून आयोडीन-132 काढण्याचा जनरेटर सुधारत होते. त्यांच्या आयोडीनमध्ये काहीतरी परके सापडू लागले. फेकून न देता त्यांनी त्याचा माग काढला. ते टेक्नेशियम-99एम निघाले आणि त्याची आई मॉली टेल्युरियमच्या मागोमाग आलेली होती. पॉवेल रिचर्ड्स यांनी 1960 मध्ये ते वैद्यकात वापरण्याची शिफारस केली. तोवर या मूलद्रव्याला विचारणारे फारसे कोणी नव्हते, ते मुळात 1937 साली पालेर्मोत सेग्रे आणि पेरिए यांना सायक्लोट्रॉनच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) वापरलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात सापडले होते.

शंकेखोर | बुधवार, रात्री 11:05

काका, हे माहीत नव्हतं. निष्काळजीपणा हा शब्द मी मागे घेतो. पण एक खरोखर विचारतो. मोजक्या अणुभट्ट्यांवर जगाचा पुरवठा असेल तर एखादी बंद पडली की काय होतं?

दूरचा_पाऊस | गुरुवार, सकाळी 6:25

याचं उत्तर मी देते, कारण ते दिवस मी काढले आहेत. मूळची नाशिकची, टोरांटोत न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट.

2009 च्या मे महिन्यात आमच्या ओंटारिओतली चॉक रिव्हरची एनआरयू अणुभट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे बंद झाली. ती 2010 च्या ऑगस्टमध्ये परत सुरू झाली, म्हणजे सव्वा वर्ष. मधे फेब्रुवारी 2010 पासून पेटनची अणुभट्टीही दुरुस्तीसाठी बंद होती. जगातल्या दोन सर्वांत मोठ्या गायी एकाच वेळी भाकड. आम्ही शनिवार-रविवारी रुग्ण बोलवायचो, कारण त्या दिवशी गाय आलेली असायची. हृदयाच्या तपासणीला जुनं थॅलियम-201 बाहेर काढलं. हाडांसाठी सायक्लोट्रॉनवर बनणारं सोडियम फ्लोराइड काही ठिकाणी वापरलं. एका मिलीक्युरीसाठी दोन रुग्णांची नावं समोर असायची आणि कुणाला आधी हे डॉक्टर ठरवायचे. फोन करून "तुमचं पुढे गेलंय" सांगायचं काम माझ्याकडे होतं. कृष्णाकाठ, काउंटरवरच्या त्या मुलीची जागा मला माहीत आहे.

एनआरयू 2018 च्या मार्चमध्ये कायमची बंद झाली. तोवर व्हँकुव्हरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेतल्या आणि इतर लोकांनी अणुभट्टीशिवाय टेक्नेशियम बनवून दाखवलं होतं. हॉस्पिटलच्या सायक्लोट्रॉनमध्ये मॉलिब्डेनम-100 वर प्रोटॉन मारायचा, दोन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि थेट टेक्नेशियम-99एम होतं. आईच लागत नाही. पण मग शुद्धतेचा वेगळाच पेच. लक्ष्यात मॉलिब्डेनमचे दुसरे समस्थानिक थोडे जरी असले किंवा प्रोटॉनची ऊर्जा जरा चढली, तर टेक्नेशियम-94, 95, 96 असे नको ते भाऊबंद तयार होतात. ट्रॉम्बेकर काकांनी म्हटलंय तेच, एकाच मूलद्रव्याचे असल्याने रसायन त्यांना वेगळं करूच शकत नाही. इथे शुद्धीकरण नंतर करता येत नाही, ते लक्ष्य निवडतानाच आणि ऊर्जा ठरवतानाच करावं लागतं.

प्रोटॉन | गुरुवार, दुपारी 1:15

सायक्लोट्रॉनचा विषय निघालाय तर आमच्या बाजूचं थोडं. मी मुंबईत पेट स्कॅनचं औषध बनवतो, एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-18 लावलेली साखर. आपल्या देशात याची सुरुवात परळलाच झाली, 2002 साली, रेडिएशन मेडिसिन सेंटरच्या 16.5 मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या सायक्लोट्रॉनवर.

आमची पाळी रात्री दोनला सुरू होते. ऑक्सिजन-18 चं प्रमाण वाढवलेलं दोन-तीन मिलिलिटर पाणी लक्ष्यात भरायचं. हे पाणी फार महाग, निसर्गात ऑक्सिजन-18 जेमतेम 0.2 टक्के. त्यावर तास-दीड तास प्रोटॉनचा झोत. मग ते पाणी बारीक नळीतून शिशाच्या कपाटातल्या यंत्रात येतं आणि छोट्या आयन-विनिमय स्तंभावर फ्लोराइड अडकतं, पाणी पुढे जातं. अडकलेलं फ्लोराइड पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्सच्या द्रावणाने सोडवायचं. क्रिप्टोफिक्स हा रेणू पिंजऱ्यासारखा असतो. तो पोटॅशियमला आत कोंडतो आणि फ्लोराइड मोकळं, हल्ला करायला तयार राहतं. ॲसिटोनायट्राइल घालून पाण्याचा शेवटचा अंश उडवायचा, कारण ओलं फ्लोराइड आळशी. मग मॅनोज ट्रायफ्लेट (ज्याला फ्लोरिन लावायचं ती साखर), मग जलविघटन, मग स्तंभांतून गाळणी आणि शेवटी 0.22 मायक्रॉनची जंतुगाळणी. झोतानंतरचं सगळं मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. ही रीत 1986 साली जर्मनीत युलिशला हामाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली, आणि आजही आम्ही मूळ तीच वापरतो.

जे क्रिप्टोफिक्स इतकं कामाचं, तेच विषारी. म्हणून शेवटी एक थेंब आयोडोप्लॅटिनेटच्या पट्टीवर टाकून ते उरलं नाही ना बघायचं. ॲसिटोनायट्राइल 410 भाग प्रति दशलक्षच्या आत हवं. आम्लता, एंडोटॉक्सिन (जंतूंचं विष), कागदपट्टी, अर्धायुष्य मोजून फ्लोरिनच आहे ना याची खात्री. एक तपासणी मात्र कधीच वेळेत होत नाही, ती जंतूंची. नमुना 14 दिवस वाढवत ठेवावा लागतो आणि आमच्या औषधाचं अर्धायुष्य 110 मिनिटं. निकाल येतो तेव्हा ते औषध टोचून दोन आठवडे झालेले असतात. मग भरवसा कशावर? रोज तीच शिस्त, तीच हवा, तेच हातमोजे, आणि गाळणी फुटली नाही ना हे हवेच्या दाबाने तपासणं. या कामात मला सगळ्यात जास्त जपावंसं वाटतं ते हेच.

आणि अंतराचं गणित. मुंबईहून पुण्याला 3 तास 40 मिनिटं लागली की दोन अर्धायुष्यं संपतात, चौथा हिस्सा पोचतो. घाटात दरड कोसळली की तोही नाही. सांगलीपर्यंत साडेसात तास धरले तर सोळावा हिस्साही उरत नाही. 1976 मध्ये माणसाला पहिल्यांदा एफडीजी दिलं तेव्हाही असंच होतं. औषध ब्रुकहेवनला बनलं आणि विमानाने फिलाडेल्फियाला नेलं. आज सायक्लोट्रॉन शहराशहरांत उभे राहताहेत ते या घड्याळामुळे. आणि छोट्या गावाला टेक्नेशियमची गायच परवडते, तेही याच घड्याळामुळे. तिच्यात अख्खा आठवडा साठवलेला असतो.

निशिगंध | गुरुवार, दुपारी 3:30

धागा वाचतेय. एक शंका. सोमवारचं दूध वेगळं असतं असं आमच्या इथल्या टेक्निशियनकडून ऐकलं होतं, ते खरं का?

हॉटलॅब | गुरुवार, संध्याकाळी 6:05

खरं आहे, आणि विचारलंत म्हणून बरं झालं. टेक्नेशियम-99एम विघटित होऊन टेक्नेशियम-99 होतं. ते जवळजवळ निष्क्रिय, 2 लाख वर्षांहून अधिक अर्धायुष्याचं. पण रसायन तेच, त्यामुळे तेही दुधातच उतरतं. रोज दूध काढलं तर 24 तासांच्या दुधात दर 100 टेक्नेशियम अणूंमागे 28 कामाचे असतात. शुक्रवारनंतर थेट सोमवारी काढलं तर 8. उरलेले 92 चित्रात दिसत नाहीत, पण कुपीतलं स्टॅनस मात्र खाऊन टाकतात. मेंदूच्या स्कॅनच्या एचएमपीएओसारख्या नाजूक कुपीला असं दूध चालत नाही. म्हणून आम्ही रविवारी एकजण येऊन धार काढून जातो. ती धार कुणाला टोचत नाही. फक्त सोमवारची चांगली यावी म्हणून.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री 9:15

मंडळी, आजच परत आलो. स्कॅन झाला. सव्वादहाला इंजेक्शन दिलं, दीडला चित्र काढलं. रिपोर्ट शनिवारी.

आतल्या मुलाला मी विचारलं, मंगळवारी काय झालं होतं? तो थोडा दचकला. पण मी मॉलीचं नाव घेतलं तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली आणि वही उघडून दाखवली. मंगळवार, सकाळी 6:50, मॉलीच्या रकान्यात 0.31. पुढे लाल शाईने रेघ आणि दोन सह्या. खाली दुसऱ्यांदा मोजलेलं, 0.30. नवा जनरेटर बुधवारी रात्री आला. आजच्या रकान्यात 0.02 होतं. त्याने ते बोट ठेवून दाखवलं. मी आईलाही आत बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "रात्रीचा आला होय, मग बाळा तू झोपलास कधी?"

आणि फोनचं मी बोललो. विभागप्रमुखांनी आमच्यासमोर लिहून घेतलं की लांबच्या रुग्णांना औषध पास झाल्यावर कळवायचं.

आता एकच विचारायचंय. घरी नातू आहे, दोन वर्षांचा. आजीशिवाय झोपत नाही. त्यांनी "आज लहान मुलांपासून लांब राहा" एवढंच सांगितलं. आई दाराशी बसून आहे आणि तो आतून रडतोय. कधी घेऊ दे?

हॉटलॅब | गुरुवार, रात्री 9:30

आज रात्री नातवाला त्याच्या स्वतःच्या आईच्या कुशीत झोपू दे. आजींनी पाणी पीत राहावं, लघवीला वरचेवर जावं. उद्या सकाळी सव्वादहाला नुसत्या विघटनानेच सोळावा हिस्सा उरेल, आणि लघवीतून गेलेलं धरलं तर त्याहूनही बरंच कमी. नाश्ता झाला की खुशाल मांडीवर घ्यायला सांगा. आज दाराशी बसून गोष्ट सांगितली तर चालेल. दोन-तीन हातांचं अंतर पुरेसं आहे.

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री 9:50

गोष्ट चालू आहे. गायीचीच सांगतेय.